हद्दाने मोडलेली शपथ

पहाटे पिकअप सुटायच्या आधी लझर हौद्यात बादलीभर पाणी ओतायचा. धूळ बसावी म्हणून ओततो, असं तो नव्या मुलींना सांगे. जुन्या बायकांना खरं कारण माहीत होतं. हौदा ओला असला की कुणी खाली टेकत नाही, आणि बसलेल्यांपेक्षा उभ्या बायका जास्त मावतात. ऐन झरीब गावाच्या बायका वर्षानुवर्षं अशाच उभ्याने शेतावर जात होत्या, एकमेकींचे खांदे धरून, रुमाल नाकापर्यंत ओढून, वळणावर सगळ्या मिळून एका बाजूला कलंडत.

लझर त्यांचा मुकादम. पिकअप त्याची, शेतमालकांशी बोलणी त्याची, आणि उद्या कुणी यायचं नि कुणी घरी बसायचं हेही तोच ठरवायचा. तो अगदीच वाईट माणूस नव्हता. गावात कुणाच्या मयताला पहिला हजर असायचा. पण पिकअपपाशी उभा राहिला की त्याच्या जिभेला काही धरबंध उरत नसे.

हद्दाची जागा केबिनमागच्या कोपऱ्यात होती. पन्नाशीला आलेली, हाडापेराने रुंद बाई. तिचा नवरा अम्मार विहिरी खणायचा. एकदा विहिरीची कड त्याच्यावर ढासळली, तो कमरेतून गेला, आणि हद्दा पिकअपवर चढली ती आजतागायत. हिवाळ्यात ऑलिव्ह, उन्हाळ्यात टोमॅटो आणि मिरची. लझरला उलट बोलायची हिंमत असलेली ती एकटीच, आणि लझरही तिचं ऐकून घ्यायचा, कारण तिच्या हातासारखा दुसरा हात त्याच्याकडे नव्हता.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या वसीलाने आपल्या मुलीला पहिल्यांदा कामावर धाडलं. इस्महान तिचं नाव. सोळा संपून सतरावं लागलेलं, मोनास्तीर शहरात एका हॉटेलात कामाला असलेल्या मुलाशी साखरपुडा झालेला, आणि लग्नाचं सामान जमवायचं म्हणून पोरगी मिरच्या तोडायला निघालेली. पहिल्या दिवशी वसीला पहाटे थांब्यापर्यंत आली. तिने मुलीचा हात हद्दाच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं." हद्दाने मान डोलावली आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या त्या मुलीला आपल्या कोपऱ्यात ओढून घेतलं.

शेतमालक सी हमूदाचं मिरचीचं शेत म्हणजे सपाट माळ. नजर पोचेल तिथपर्यंत गुडघाभर झाडं, आडोशाला एक झाड नाही की भिंत नाही. एका टोकाला पंपाची खोली होती, पण तिला कुलूप असे. कुणाला जावं लागलं तर चारचौघी सोबत जायच्या आणि शाली धरून कोंडाळं करायच्या. आणि ज्यांची पाळी असेल त्यांचे हाल तर विचारू नयेत. गावातल्या दुकानात पॅड मिळायचे, काळ्या पिशवीत गुंडाळलेले, पण त्या पुड्यापायी अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. तेवढ्यात घरात तेल येतं. मग बायका जुन्या झग्यांच्या चिंध्या घ्यायच्या. चिंधी घामाने भिजायची, मांड्या सोलून निघायच्या, बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. घरी राहावं तर जागा दुसरीला जायची. या गोष्टीला बायकांमध्येही नाव नव्हतं. "मला आज अडचण आहे," एवढंच एकमेकींच्या कानात सांगायच्या.

इस्महान आली त्याच्या थोडं आधी साबरा नावाच्या बाईवर जो प्रसंग आला होता, तो सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता. साबराची चिंधी सरकली आणि हौद्यातल्या पाण्यात लाल धार उतरली. थांब्यावर सगळ्या उतरल्यावर लझरने तिला थांबवलं, तिच्या हातात बादली दिली आणि सगळ्यांसमोर हौदा धुवायला लावला. "माझी गाडी काही खाटकाची नाही," असं म्हणाला. समोरच्या चहाच्या दुकानात पुरुष बसलेले होते. साबरा खाली मान घालून धूत राहिली. हद्दा तेव्हा पुढे झाली आणि तिने फडकं साबराच्या हातातून घेऊन उरलेला हौदा स्वतः पुसला. पण बोलली काही नाही. इस्महानला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितली.

जुलै सरत आला होता. त्या दिवशी सकाळपासूनच इस्महान ओळीत मागे पडत होती. आधी हद्दाला वाटलं, ऊन लागलं असेल. मग पोरीने दोन झाडांच्या मध्ये वाकून उलटी केली. हद्दाने तिच्या कपाळाला हात लावला तर कपाळ चुलीसारखं तापलेलं. बायकांनी तिच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला, कुणी लिंबू दिलं, कुणी म्हणालं की सकाळी उपाशी आली असेल. थोड्या वेळाने तिला पुन्हा उलटी झाली. या खेपेला तिला उभंही राहता येईना. हद्दाने तिला उचलल्यासारखं करून पंपाच्या खोलीच्या सावलीत नेलं.

सावलीत नीट पाहिल्यावर हद्दाला चरका बसला. पोरीचे तळहात लालभडक झाले होते. गळाही लाल, छातीही लाल, उन्हाने भाजावं तशी, पण तिथे ऊन पोचणारं नव्हतं.

"काय खाल्लंस?" हद्दाने विचारलं. "औषध मारलेल्या मिरचीला तोंड लावलंस का?"

इस्महानने नकारार्थी मान हलवली. तिचे दात वाजत होते. मग ती रडायला लागली आणि म्हणाली, "खाला, आधी शपथ घे. आईला सांगणार नाहीस."

"बोल आधी."

"अल्लाची शपथ घे. कुणालाच नाही सांगणार."

पोरीला बोलतं करायला हवं होतं. हद्दाने शपथ घेतली.

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. परवा पाळी आली होती. साबरासारखं आपलं झालं तर, या धाकाने इस्महानने गादीतला स्पंज कापला, त्याची गुंडाळी केली आणि आत सरकवली. दिवसभर एक डाग पडला नाही. तिला वाटलं, जमलं. रात्री काढायला गेली तर तो फाटला. थोडा हातात आला, बाकीचा आतच राहिला. काल दिवसभर ती तशीच कामावर होती. आज ताप.

"आईला कळलं तर मारून टाकेल," ती म्हणाली. "लग्नाआधी कुणी आत काही घालतं का, म्हणतील. तिकडच्या लोकांना कळलं तर मी संपले, खाला."

हद्दाला तिचं म्हणणं कळत होतं. ऐन झरीबात कुमारी मुलीबद्दल एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य पुढे मोनास्तीरपर्यंत पोचायला फार वेळ लागला नसता. पण पोरीचे डोळे वर जायला लागले होते, आणि हे वाट बघण्यासारखं दुखणं नव्हे, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

लझर पिकअपच्या सावलीत गोधडी टाकून पडला होता. हद्दाने जाऊन सांगितलं, पोरीला दवाखान्यात न्यायचंय, आत्ता.

लझरने एक डोळा उघडला. "ऊन लागलंय. पाणी पाज, पडू दे. संध्याकाळी सगळ्या जाल तेव्हा जाईल."

"संध्याकाळपर्यंत ती राहायची नाही."

"काय झालंय काय तिला?"

हद्दाने फक्त तापाचं सांगितलं. लझर उठून बसला. दुपारी न निघायला त्याच्याकडे खरं कारणही होतं. हमरस्त्यावर पोलिसांची चौकी बसली होती. अशा गाड्यांमधून बायका नेणं बंद, म्हणून नुकतीच धरपकड चालू होती. पहाटे आणि संध्याकाळी चौकी नसायची, दुपारी असायची. शिवाय माल न्यायला मोठा ट्रक यायचा होता, क्रेट भरून तयार हवे होते. त्याने हे सगळं सांगितलं आणि पुन्हा आडवा होऊ लागला.

हद्दा वाकून अगदी त्याच्या कानाशी बोलली. आवाज चढवला नाही. "लझर, ही पोर इथे मेली तर तिला घरी कशातून नेशील? तुझ्याच हौद्यातून. मग चौकीवर काय सांगशील? आत्ता ती जिवंत आहे. आत्ता तू आजाऱ्याला दवाखान्यात नेणारा भला माणूस आहेस. तासाभराने कोण असशील ते तूच बघ."

लझरने पंपाच्या खोलीकडे पाहिलं. सगळ्या बायका आपापल्या ओळी सोडून तिथे गोळा झाल्या होत्या. कुणीच मिरची तोडत नव्हतं. कुणी त्यांना थांबा म्हणालं नव्हतं. त्याने शिवी हासडली, ती कुणाला ते कळलं नाही, आणि खिशातून किल्ली काढली.

इस्महानला पुढे केबिनमध्ये घेतलं. हद्दा खिडकीशी बसली, पोरीचं डोकं तिच्या खांद्यावर, पाय लझरच्या बाजूला दुमडलेले. शेतातून रस्त्याला लागेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला पोरगी कण्हत होती. मग कण्हणंही थांबलं. हद्दा तिच्या गालावर हळूहळू चापट्या मारत राहिली, तिला नावाने हाक मारत राहिली. मध्येच इस्महान म्हणाली, "दिवा मालवा ना, डोळ्यांवर येतोय." दुपारचं ऊन काचेतून येत होतं.

लांबवर चौकीची निळी गाडी दिसली तसा लझरने वेग कमी केला आणि डावीकडच्या कच्च्या रस्त्याकडे चाक वळवलं. तो रस्ता ओढ्यातून जायचा. पोचायला दुप्पट वेळ लागायचा.

"सरळ चल," हद्दा म्हणाली.

"माझी गाडी जप्त झाली तर तू देणार आहेस भरून?"

हद्दाने पोरीचं डोकं एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं. गाडी चालूच होती. खालून खडी सरसर मागे पळत होती. तिने एक पाय बाहेर काढला.

"तू वळलास की मी उडी मारणार. हातपाय शाबूत राहिले तर चौकीपर्यंत चालत जाणार. आणि नाही राहिले तर दोघींचं उत्तर तुला द्यावं लागेल."

लझरने ब्रेक दाबला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हद्दाला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस घाबरलाय, अगदी तिच्याइतकाच. तो सरळ रस्त्याला लागला. हद्दाने दार ओढून घेतलं.

चौकीवर शिपायाने हात केला, जवळ आला आणि खिडकीतून आत डोकावला. त्याने आधी पोरीकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या हौद्याकडे, मग पाटीवरच्या नंबराकडे. नंबर त्याने टिपून घेतला. "जा," एवढंच म्हणाला.

तालुक्याच्या दवाखान्यात इस्महानला खाटेवर घातलं तेव्हा तिला कुणाचीच ओळख राहिली नव्हती. हद्दाने लझरच्या फोनवरून वसीलाला कळवलं. वसीला मिळेल ती गाडी पकडून आली, पायात घरातल्या चपला, हातावर सुकलेलं पीठ. तोपर्यंत सलाइन लागलं होतं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, केस मागे घट्ट बांधलेली, डोळ्यांत जागरण. तिने पोरीचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, गळ्यावरची लाली बोटाने दाबून पाहिली. रक्तदाब खाली चालला होता. ती नर्सला पुन्हा पुन्हा मोजायला लावत होती.

तिने विचारलं, काय खाल्लं होतं. वसीलाने सांगितलं, भाकरी आणि ऑलिव्हचं तेल, घरच्यासारखंच. शेतात औषध फवारलं होतं का? हद्दा म्हणाली, त्या आठवड्यात नाही.

"पाळी चालू आहे का?"

"आहे," वसीला म्हणाली.

"काय वापरते ती?"

"काय वापरणार डॉक्टरीणबाई? आमच्याकडे कापडच. स्वच्छ कापड देते मी तिला."

"नुसतं कापड? आत काही घेतलं नव्हतं? नक्की?"

वसीलाचा चेहरा एकदम बंद झाला. "माझी मुलगी कुमारी आहे," ती म्हणाली. "तिचा साखरपुडा झालाय. असलं काही विचारू नका."

डॉक्टरीण जागची हलली नाही. तिने वसीलाच्या खांद्यावरून हद्दाकडे पाहिलं.

हद्दा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने आयुष्यात फार शपथा घेतल्या नव्हत्या. घेतलेली मोडली नव्हती. खाटेवर पोरीचा श्वास लहान लहान, घाईघाईचा चालला होता. तिचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि नखं निळी पडायला लागली होती. वसीलाही आता वळून हद्दाकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी होती आणि धमकीही. म्हणजे हिला काहीतरी संशय आलाय, हद्दाच्या मनात आलं. आई आहे, येणारच.

"स्पंज आहे," हद्दा म्हणाली. "गादीचा. परवापासून. अर्धा आतच राहिलाय."

"तू काय बोलतेस ते कळतंय का तुला?" वसीला म्हणाली.

"तिनेच सांगितलं मला. डाग पडेल म्हणून घाबरली होती. दुसरं काहीच नाही. डॉक्टरीणबाई, दुसरं काहीसुद्धा नाही."

डॉक्टरीण ऐकायला थांबलीच नव्हती. तिने पडदा ओढला, नर्सला हाक मारली, हातमोजे चढवले. पडद्याच्या अलीकडे दोन बायका उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या एकमेकींच्या तंदुरावर भाकऱ्या भाजत आल्या होत्या. वसीला जमिनीकडे बघत म्हणाली, "मी तुझ्या हातात दिली होती तिला. आणि तू तिला चव्हाट्यावर आणलंस."

थोड्या वेळाने डॉक्टरीण बाहेर आली. तिने सांगितलं की तुकडा निघालाय, पण त्यातलं विष रक्तात गेलंय, मुलीला स्फाक्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, रुग्णवाहिका निघतेय. वाचेल का, असं वसीलाने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "आता आशा आहे. न कळता अजून थोडा वेळ गेला असता तर मी हेसुद्धा म्हणू शकले नसते." मग तिने आवाज खाली आणला. "तिच्या कागदावर मी फक्त जंतुसंसर्ग लिहिलाय. बाकी इथून बाहेर जाणार नाही."

डॉक्टरिणीच्या तोंडून ते बाहेर गेलंही नाही. पण दवाखान्याच्या भिंती पातळ, आणि व्हरांड्यात लझर बसला होता.

चौकीवर नंबर टिपलेला असल्यामुळे आठवड्याभरात लझरची गाडी अडवली गेली. ती सोडवून आणल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हद्दाला जागा नाही म्हणून सांगायचं. हद्दा त्या पहाटे डोक्याला रुमाल बांधून नेहमीसारखी थांब्यावर आली होती. बाकीच्या बायका चढल्या. काहींनी तिच्याकडे पाहिलं, काहींनी पाहायचं टाळलं. पिकअप गेली आणि हद्दा एकटीच घरी परत आली. अम्मारने तिला दारात पाहिलं. सरकून तिला अंथरुणावर जागा करून दिली. ती बसली.

इस्महान वाचली. स्फाक्सहून परतली तेव्हा हाडांचा सापळा झाली होती. तिच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी सालीसारखी सोलून निघत होती, केस ओंजळीने गळत होते. हद्दा वसीलाच्या घरी भेटायला गेली. दार उघडलं नाही. आत कुणीतरी चालल्याचा आवाज येत होता. मोनास्तीरच्या लोकांनी महिन्याभरात निरोप धाडला, मुलाचा विचार बदलला आहे म्हणून. कारण कुणी सांगितलं नाही, आणि ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसांत हद्दाला घर खायला उठायचं. रगेबच्या बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटतात. तिथून तिने फ्लॅनेलच्या चादरी आणल्या, मऊ, जाड, पाणी पिणाऱ्या. त्या उकळल्या, उन्हात कडकडीत वाळवल्या आणि शिवणयंत्रावर बसली. पाळीला वापरायची पहिली घडी वेडीवाकडी झाली. दुसरी सरकत होती. मग तिने दोन्ही बाजूंना पंख काढले, बटण लावलं, खालून छत्रीचं कापड घातलं. स्वतःचे ते दिवस संपत आले होते, तरी होते तेवढ्यात तिने स्वतःवर ती घडी वापरून पाहिली, दिवसभर वाकून काम करून. जमलं तेव्हा तिने साबराला बोलावलं.

साबरा दुपारी मागच्या दाराने आली. घडी उलटसुलट करून पाहिली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "उकळायचं?" तिने विचारलं. हद्दा म्हणाली, "उकळायचं. उन्हात, उघड्यावर वाळवायचं. कपाटामागे लपवून वाळवलंस तर त्यात आणि चिंधीत फरक नाही."

"उघड्यावर?" साबराला हसू आलं. "आमच्या सासूला झीट येईल."

पण ती घेऊन गेली. मग तिची जाऊ आली, मग आणखी कुणी. भाकरीच्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या. बदल्यात कुणी अंडी ठेवायचं, कुणी जुनी छत्री. पुरुषांना वाटायचं, हद्दा झगे शिवते.

कापड मिळालं, पण बदलायला आडोसा कुठे होता? हे साबराच पहिल्यांदा बोलली, हद्दाच्या अंगणात, सात-आठ बायकांच्या देखत. सप्टेंबरची मिरची लाल होत आली होती, तोडणी ऐन भरात. त्या वेळी सी हमूदाला हात हवेच होते. बायका बोलत राहिल्या. कुणी म्हणालं, लझर दुसऱ्या गावाहून बायका आणेल. कुणी म्हणालं, मुलांना काय खाऊ घालायचं. हद्दा फारसं बोलली नाही. तिला जागा नव्हतीच. जे जायचं होतं ते त्यांचं जाणार होतं, आणि हे तिने त्यांना स्वच्छ सांगितलं.

सोमवारी पहाटे लझरने हौद्यात पाणी ओतलं आणि बायका चढल्या नाहीत. हद्दासकट नुसत्या उभ्या राहिल्या, रस्त्याच्या कडेला, रुमाल नाकापर्यंत ओढून. लझरला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग त्याने नावं घेऊन हाका मारल्या. प्रत्येक नावाला ती ती बाई थोडी आक्रसायची. एक पुढे झालीही, तिचं पोर आजारी होतं. कुणी तिला अडवलं नाही. ती हौद्याच्या फळीला हात लावून थांबली आणि मागे आली. लझरने हद्दाकडे बोट केलं. "हे हिचं काम आहे. हिने त्या पोरीचं वाटोळं केलं, आता तुमचं करणार." हद्दाला ते लागलं, कारण अर्धं गाव तसंच म्हणत होतं. पिकअप रिकामी गेली. तो शेजारच्या गावी गेला. तिथे साबराची बहीण दिलेली होती, आणि तिथल्या बायकाही नेमक्या त्याच दिवशी आजारी निघाल्या.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्या संध्याकाळी गावात बऱ्याच घरांतून भांडणं ऐकू आली. हद्दाला झोप आली नाही. उद्या या मोडणार, असं तिने अम्मारला सांगितलं. अम्मार म्हणाला, "मोडू देत. तू जाऊन उभी राहा."

तिसऱ्या पहाटे लझरच्या मागे सी हमूदाची मोटार आली. तो खाली उतरला, झोपमोड झालेला, चिडलेला. तिकडे मिरच्या झाडावर मऊ पडत होत्या. "काय हवंय तुम्हाला?" त्याने विचारलं. "मजुरी?"

कुणी बोलेना. ज्या गोष्टीला नावच नव्हतं ती परक्या पुरुषासमोर म्हणायची कशी? सगळ्या बायका हद्दाकडे बघू लागल्या. हद्दाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मागून साबरा बोलली. चहाचं दुकान उघडं होतं, तिथले पुरुष ऐकत होते.

"आम्हाला महिन्याला रक्त जातं, सी हमूदा. तुमच्या शेतात आडोसा नाही, पाणी नाही. त्यापायी एक पोर मरता मरता वाचली. आडोसा द्या, पाणी द्या, आणि हा हौदा कोरडा ठेवायला सांगा. मग आम्ही चढतो."

सी हमूदा आपल्या बुटांकडे पाहू लागला. चहाच्या दुकानात कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. शेवटी तो म्हणाला की पंपाच्या खोलीचं कुलूप काढतो, आजच. पत्र्याचा आडोसा आठवड्यात. हौद्याचं लझरशी बोला, गाडी त्याची आहे. लझरने मान वळवली. बायका ओल्या हौद्यातच चढल्या. हद्दा खालीच राहिली. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही, आणि तिनेही त्या दिवशी ते मागितलं नाही.

आडोसा आठवड्यात झाला नाही, महिना लागला. आतल्या पिंपात कधी पाणी असतं, कधी नसतं. लझर हौदा बहुतेक दिवस कोरडा ठेवतो. नवी बाई चढली की बादली पुन्हा दिसते. मग साबरा मागच्या फळीवर बसते आणि हौदा सुकेपर्यंत उठत नाही, गाडी हलू देत नाही.

इस्महान हद्दाच्या दारात आली ती ऑलिव्ह उतरायला लागल्यावर. केस नव्याने येत होते, आखूड, तिने रुमाल घट्ट बांधला होता. आत येईना. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "खाला, तू शपथ घेतली होतीस."

"घेतली होती."

"मोडलीस."

"मोडली."

पोरीने विचारलं, "पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"पुन्हा मोडेन," हद्दा म्हणाली. "तुला राग धरायचा तर धर. धरायला तू आहेस, एवढं मला पुरे."

इस्महान रडली नाही, गळ्यातही पडली नाही. तिने शिवणयंत्राकडे पाहिलं आणि विचारलं की बटणं हाताने लावतेस का, फार वेळ जात असेल. दुसऱ्या दिवसापासून ती बटणं लावायला येऊ लागली. वसीलाने तिला अडवलं नाही. ती स्वतः मात्र आली नाही. रस्त्यात दिसली तर हद्दाला सलाम करते, तोही तुटक. तंदूर दोघींचे अजून वेगवेगळेच पेटतात.

गेल्या हिवाळ्यात हद्दा आणि इस्महान फ्लॅनेल आणायला रगेबला गेल्या. इस्महान गठ्ठ्यात हात घालून एकेक चादर बोटांनी चोळून बघत होती. गठ्ठेवाला म्हातारा दोरी सोडता सोडता म्हणाला, "एवढं फ्लॅनेल? कुणाचं बाळंतपण आहे वाटतं."

हद्दा काहीतरी झगे-बिगे म्हणणार होती. इस्महान चादरीवरून नजर न काढता म्हणाली, "नाही, काका. पाळीच्या घड्या शिवतो आम्ही."

म्हाताऱ्याचे हात दोरीवर थांबले. मग त्याने तिच्या हातातली निळी चादर काढून घेतली. "मग ही नको," तो म्हणाला. "ही रंग सोडते." आणि खालच्या गठ्ठ्यातून एक पांढरी बाहेर ओढू लागला.